न्यूग्रेंजची पांढरी भिंत : पुरावा किती, कल्पना किती?

आयर्लंडमधील मीथ परगण्यात, बॉइन नदीकाठच्या शेतजमिनीत न्यूग्रेंज हे नवाश्मयुगीन दफन-टेकाड आहे. इ. स. पू. ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या महापिरॅमिडच्याही आधी, ते रचले गेले. छायाचित्रांत त्याची दर्शनी बाजू पांढऱ्याशुभ्र गारगोट्यांच्या, जवळजवळ उभ्या भिंतीने सजलेली दिसते. पाहणाऱ्याला ही भिंत पाच हजार वर्षांपूर्वीची वाटते. प्रत्यक्षात ती विसाव्या शतकात उभारलेली आहे.

१९६२ ते १९७५ या काळात एम. जे. ओकेली यांनी येथे उत्खनन केले. गारगोट्या त्यांना प्रवेशद्वाराच्या बाजूला, टेकाडाच्या कडेच्या दगडांबाहेर पसरलेल्या सापडल्या. त्या कोसळलेल्या भिंतीच्या असाव्यात, असा त्यांनी तर्क केला. हा तर्क निराधार नव्हता. नमुन्यादाखल भिंत रचून व पाडून दगड कसे विखुरतात, हेही त्यांनी पाहिले होते. परंतु अशा प्रयोगाने एवढेच ठरते की, भिंत कोसळली तर असा थर पडू शकतो. तो दुसऱ्या कारणाने पडणार नाही, हे त्यातून ठरत नाही. जवळच्याच नाउथ येथील टेकाडापुढे अशा गारगोट्या फरसबंदीसारख्या जमिनीवर मांडलेल्या आहेत. पुरावा सारखा, अर्थ दोन! शिवाय न्यूग्रेंजची भिंत उभी राहावी म्हणून मागे सळयांचे काँक्रीट घालावे लागले. नवाश्मयुगीन बांधकऱ्यांकडे ते कोठून असणार?

याउलट दारावरच्या झरोक्याचे पाहा. २१ डिसेंबर १९६७ रोजी उगवत्या सूर्याचा किरण या झरोक्यातून शिरून सुमारे १९ मीटर लांबीच्या बोळातून आतल्या दालनात पोहोचताना ओकेलींनी पाहिला. आज हा किरण सूर्योदयानंतर सुमारे चार मिनिटांनी आत शिरतो. पृथ्वीच्या अक्षाचा कल तेव्हा सुमारे २४ अंश होता, आता तो २३.४४ अंश आहे. हा फरक धरून गणित केले की, तेव्हा किरण सूर्योदयालाच आत येत असे, असे उत्तर मिळते. हे निरीक्षण दर हिवाळ्यात पुन्हा करता येते, गणितही कोणालाही तपासता येते. भिंतीबाबत अशी सोय नाही.

भिंत पाडावी, असे माझे म्हणणे नाही. पुनर्रचना हेही एक गृहीतकच असते. मात्र गृहीतक दगडात बांधले की त्याला पुराव्याचे रूप येते, आणि मग त्यावर शंका घेणे लोक विसरतात. म्हणून असे चित्र वर्गात दाखवताना शिक्षकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : यातले सापडलेले काय आणि रचलेले काय?