बावीस मिनिटांचा मारवा

गेल्या महिन्यात एका रात्री किशोरीताईंचा भूप लावला होता. गाणी ऐकवणाऱ्या एका अ‍ॅपवर, कानात बोंडं घालून. विलंबित शेवटाला आलं आणि 'सहेला रे'चा उठाव येणार, तिथे घरकर्जाची जाहिरात लागली. ती संपली तर भलत्याच गायकाचा यमन सुरू झाला. अ‍ॅपच्या हिशेबात बडा ख्याल हे एक गाणं आणि छोटा ख्याल हे दुसरं गाणं. ज्या तबकडीवर ते एका श्वासात येतात, ती तबकडी अशी कुठे नावालाही उरलेली नाही.

त्याच आठवड्यात एका तरुण गायकाशी बोलणं झालं. मुलगा गुणी आहे, तालीम पक्की आहे. ख्यालाच्या सर्वांत थोर दहा ध्वनिमुद्रिका सांग म्हटलं, तर त्याने सांगितलेल्या दहापैकी नऊ खासगी मैफलींची मुद्रणं होती, दीड-दीड, दोन-दोन तासांची. एकाही एलपीचं नाव नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "काका, एलपी म्हणजे ट्रेलर. खरं गाणं मैफलीतच." हे वाक्य मी इतरांकडूनही ऐकलं आहे, वयाने आणि अधिकाराने मोठ्या असलेल्या लोकांकडूनही. ते साफ चुकीचं आहे असं माझं मत आहे आणि ते सांगायलाच हा लेख लिहितो आहे.

सर्वकाळच्या श्रेष्ठ अल्बमच्या याद्या इंग्रजी जगात दर काही वर्षांनी निघतात. 'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स'ला पहिलं स्थान दिलं. २०२० मध्ये तोच अल्बम चोविसावा झाला आणि आधी सहाव्या जागी असलेला मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला. २०२४ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने शंभरांची यादी काढली, तिच्यात लॉरिन हिल पहिली. आपल्याकडे अशा यादीवर एकच प्रतिक्रिया उमटते: यात आपलं कुणी कसं नाही? मला त्याचं दुःख नाही. त्यांनी त्यांच्या कानांनी यादी केली. मला हेवा वाटतो तो त्यांच्या भांडणाचा. ते लोक अल्बम या वस्तूवर भांडतात: पहिली बाजू कुठे संपते, शेवटचं गाणं तिथेच का ठेवलं, एक गाणं गाळलं असतं तर काय बिघडलं असतं. आपण गवयांवर भांडतो, घराण्यांवर भांडतो, अमुक साली अमुक वाड्यात झालेल्या तोडीवर भांडतो. तबकडी ही स्वतंत्र कलाकृती आहे असं धरून तिच्यावर भांडलेला मराठी लेख मला तरी वाचायला मिळालेला नाही.

७८ च्या तबकड्यांचा काळ वाचकांना माहीत आहे. बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय काय केलं ते नव्याने सांगायला नको. केसरबाईंची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. पण ती झलक होती. ती घेणारा आणि देणारा दोघेही ते जाणून होते. रागाचा चेहरा ओझरता दिसायचा, बाकीचं ऐकणाऱ्याने आपल्या आठवणीतून भरून काढायचं.

एलपी आली आणि गवयापुढे पहिल्यांदा वेगळा पेच उभा राहिला. कोलंबिया कंपनीने ती १९४८ साली अमेरिकेत काढली. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेबांनी न्यूयॉर्कला सरोदची एलपी केली, मेन्युहिनच्या प्रास्ताविकासह. आपल्या ख्यालगायकांपर्यंत ती पोचेपर्यंत पन्नाशीचं दशक संपत आलं. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. यात बडा ख्याल उभा करता येतो, पण सगळं काही मांडता येत नाही. काय घ्यायचं, काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. ज्यांनी ते नीट ठरवलं त्यांच्याकडून ख्यालाचं एक नवं रूप घडलं.

त्यातलं सर्वांत मोठं काम माझ्या लेखी उस्ताद अमीर खाँचं. १९६० ची एचएमव्हीची एलपी: एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. तिच्यावर थांबायलाच हवं.

मारवा ऐका. झूमरा, चौदा मात्रा, आणि लय इतकी संथ की एक आवर्तन जवळपास मिनिटभर चालतं. म्हणजे साऱ्या विलंबितात आवर्तनं किती मिळणार? हाताच्या बोटांवर मोजून थोडी उरतील इतकीच. प्रत्येक आवर्तनाचं काम ठरलेलं आहे. खाँसाहेब मंद्रात उतरतात, धैवत आणि कोमल रिषभ यांच्यामध्ये घुटमळतात आणि षड्ज जवळ असून त्याला लावत नाहीत. मारव्याचं मर्मच ते. पंचम नाहीच, षड्जही हाती लागत नाही, त्यामुळे पायाखाली जमीन नसल्यासारखं वाटत राहतं. मैफलीत हे टांगलेपण तासभर ताणता येतं, पण तासाभरात कान त्याला सरावतो. इथे सरावायला वेळच मिळत नाही. तबला साधा ठेका धरून आहे, कुठे मध्येमध्ये येत नाही. मुखडा समेवर येतो तो उडी मारून नाही, सांज उतरावी तसा. सरगम येते तीही एकेक स्वर तपासत, मेरुखंडाचा हिशेब डोक्यात असलेल्या माणसाची. मग द्रुत, आणि राग मिटतो. एकही जागा दोनदा घेतलेली मला सापडलेली नाही, आणि मी ही बाजू शेकडो वेळा ऐकली आहे.

आता तबकडी उलटा. दरबारीचा पहिला आकार येतो आणि षड्ज पायाखाली पक्का आहे. मारव्यात जो बावीस मिनिटं हुलकावणी देत होता, तोच इथे घराच्या जोत्यासारखा बसलेला. त्यावर तो आंदोलित कोमल गंधार, मंद्रातली ती जड, सावकाश चाल. पहिल्या बाजूला मावळतीची वेळ होती, इथे मध्यरात्र. एका बाजूला घर सुटलेलं आहे, दुसऱ्या बाजूला ते सापडलेलं आहे. ही जोडी खाँसाहेबांनी ठरवून केली की कंपनीने, याने मला फरक पडत नाही. तबकडी हातात आहे आणि तिच्यात हा अर्थ आहे. अ‍ॅपवर मारवा एकीकडे, दरबारी दुसरीकडे, मध्ये कुणाचंही काहीही. मधला अर्थ पुसला गेला आहे, आणि पुसला गेला हे नव्या ऐकणाऱ्याला कळायलाही मार्ग नाही.

याच्या वर्षभर आधी, १९५९ च्या मार्च-एप्रिलमध्ये, न्यूयॉर्कला माइल्स डेव्हिसने दोन बैठकांत 'काइंड ऑफ ब्लू' मुद्रित केला. पाच रचना, पाऊण तास. वादकांपुढे थोडक्या खुणा, बाकी त्यांनी तिथल्या तिथे घडवलेलं. जाझ हीसुद्धा मैफलीची, उत्स्फूर्तपणाची कला. तरी जाझच्या समीक्षकांनी कधी म्हटलं नाही की खरा माइल्स क्लबातच, हा अल्बम ट्रेलर आहे. त्यांनी या अल्बमवर पुस्तकं लिहिली. आपण मारवा-दरबारीवर 'अप्रतिम' एवढा शब्द टाकून पुढे गेलो.

किशोरीताईंची बागेश्री आणि भूपाची एलपी माझ्या यादीत दुसरी. भूप म्हणजे पाच स्वर, शिकाऊ मुलाला पहिल्या वर्षी देतात तो राग. बाजूला देशकार आणि शुद्ध कल्याण टपून बसलेले. जरा जोर इकडचा तिकडे झाला की भूप हातचा जातो. त्याच पाच स्वरांत ताईंनी विलंबिताला दिलेला अवधी, स्वरमंडलाच्या झंकारात गंधारावर येण्याची त्यांची ती ओढ, आणि मग 'सहेला रे'. या बंदिशीची आता इतकी पारायणं झाली आहेत की ती सुटं गाणं वाटू लागली आहे. ती सुटं गाणं नाही. आधीच्या विलंबिताने जे मागितलं त्याचं ते उत्तर आहे. विलंबित गाळून ती ऐकणं म्हणजे निकाल वाचून खटला कळला असं समजणं. याच ताई मैफलीत एक राग तास तास गात आणि त्या मैफली ज्यांनी ऐकल्या ते भाग्यवान. पण तबकडीतला भूप हा त्या मैफलीचा संक्षेप नाही, त्याची बांधणीच वेगळी आहे.

कुमारांचं काम आणखी निराळं. त्यांनी 'गीतवर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' असे अख्खे कार्यक्रमच एका कल्पनेभोवती उभे केले. पाश्चात्य समीक्षक ज्याला संकल्पनेचा अल्बम म्हणून डोक्यावर घेतात, तो विचार देवासच्या एका घरात एक फुप्फुस गमावलेला माणूस स्वतःच्या वाटेने करत होता. मराठीत त्या जातीची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे १९७४ ची, राज्याभिषेकाच्या तीनशेव्या वर्षाची 'शिवकल्याण राजा'. रामदास, भूषण, सावरकर, कुसुमाग्रज अशी तीन शतकं हृदयनाथांनी एका तबकडीत एका स्वभावाची करून दाखवली.

बाकीच्यांबद्दल फार लिहावं असं वाटत नाही. चित्रपटाची सहा गाणी एका खोक्यात आली म्हणून अल्बम होत नाही. गझलांच्या कॅसेटी लोकांना आवडल्या, आवडोत. फ्यूजनमध्ये दोन्हीकडचे लोक एकमेकांची वाट पाहत वाजवतात. 'कॉल ऑफ द व्हॅली' मोठी गोड आहे आणि शिवजी, हरिजी, काब्रा तिघांचे हात त्यात सुंदर लागले आहेत. पण तिथे राग मेंढपाळाच्या दिवसाची चित्रं काढायच्या कामाला लागतो.

मात्र त्याच तबकडीमागच्या माणसाबद्दल लिहायला हवं. ती कल्पना एचएमव्हीच्या गो. ना. जोशींची. भावगीत घराघरांत नेणारे पहिले गायक, पुढे कंपनीचे मुद्रणाधिकारी, 'स्वरगंगेच्या तीरी'चे लेखक. काचेच्या पलीकडे असा एक जाणता कान बसलेला असायचा. त्याला राग कळायचा, गवयाचा स्वभाव कळायचा आणि घड्याळही कळायचं. हे पुन्हा घेऊ या, इथे आणखी एक आवर्तन चालेल, इथे थांबायला हवं, हे गवयाला सांगण्याचा अधिकार त्याने कमावलेला असायचा. आज तो माणूस नाहीसा झाला आहे. गायक स्वतःच मुद्रण करतो, स्वतःच ऐकतो, स्वतःच चढवतो. परिणाम समोर आहे. एकीकडे सहा मिनिटांची चकचकीत बंदिश, समुद्रकिनाऱ्यावर नाहीतर जुन्या वाड्यात चित्रित केलेली. दुसरीकडे सभागृहातलं सत्तर मिनिटांचं गाणं, हार्मोनियम जुळवण्यापासून आभारप्रदर्शनापर्यंत जसंच्या तसं. दोन्हींत निवड करण्याचं कष्टाचं काम टाळलं आहे.

मैफलवाल्यांचा युक्तिवाद मला ठाऊक आहे: ख्याल वाहता आहे, त्याला बांधू नये. मग मी विचारतो, मैफलीच्या मुद्रणात तुम्ही काय ऐकता? तिसऱ्यांदा घेतलेली ती जागा समोर बसलेल्यांनी मागितली होती. त्यांची दाद, त्या रात्रीची हवा, गवयाची त्यांच्याकडे गेलेली नजर, हे सगळं तिथे खरं होतं. टेपमध्ये त्यातली फक्त पुनरुक्ती उरते. मैफल एकदा ऐकण्यासाठी असते, तबकडी शंभरदा ऐकण्यासाठी. शंभराव्या वेळी टिकणारी गोष्ट घडवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते कमी प्रतीचं नाही. अमीर खाँच्या मैफलींची मुद्रणंही मी ऐकली आहेत, काही थोर आहेत. त्यांतलं एकही त्या मारव्याच्या जागी ठेवायला मी तयार नाही.

ट्रेलर म्हणणाऱ्यांना आणखी एक सांगायचं आहे. लांबी म्हणजे खोली ही समजूत आपण कॅसेट आणि सीडीच्या काळात अंगी लावून घेतली. बावीसची पाऊणशे मिनिटं झाली तेव्हा ख्याल तिप्पट सखोल झाला का? झाला असता तर १९८५ नंतरच्या शंभर सीड्यांतून मारवा-दरबारीच्या तोडीच्या दहा तरी सांगता आल्या असत्या. मला दोन सांगतानाही अडखळायला होतं.

म्हणून त्या तरुण मित्राला आणि त्याच्या पिढीला माझं मागणं आहे. दोन राग निवडा, एकमेकांना काही सांगतील असे. प्रत्येकाला बावीस मिनिटं द्या. बाहेर एक जाणता माणूस बसवा आणि तो थांब म्हणाला की थांबा. दोन्ही राग एकाच फाइलीत, विलंबित-द्रुत न तोडता, एका नावाने बाहेर काढा. तोवर माझ्या यादीत पहिल्या जागी १९६० चीच तबकडी राहील.