कर्ज की पाणबुडी? : १९१७ च्या निर्णयाचा वाद

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारण्यास मान्यता दिली. अमेरिका या युद्धात का उतरली, यावर पुढच्या दोन दशकांत तिथे भरपूर लिहिले गेले. त्यातले दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, तर दोघांच्याही हातून एकच दुवा निसटल्याचे मला दिसते.

पहिला वॉल्टर मिलिस यांचा ‘रोड टू वॉर’ (१९३५). मिलिस पत्रकार, उपरोधावर त्यांची चांगली हुकमत. तटस्थ म्हणवणारा देश एका पक्षाचा पुरवठादार कसा होत गेला, हे ते रंगवून सांगतात, आणि आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. १९१४ ते १९१६ या काळात दोस्त राष्ट्रांशी अमेरिकेचा व्यापार सुमारे ८२ कोटी डॉलर्सवरून ३२० कोटींवर गेला. जर्मनी-ऑस्ट्रियाशी असलेला जवळजवळ संपला. त्याच सुमारास सिनेटर जेराल्ड नाय यांची समिती शस्त्रकारखानदारांची आणि बँकवाल्यांची चौकशी करीत होती. सावकारांनी आपले कर्ज बुडू नये म्हणून देशाला युद्धात लोटले, ही समजूत यातून घट्ट झाली.

पण नोव्हेंबर १९१६ अखेरचा प्रसंग या समजुतीत बसत नाही. दोस्तांच्या हुंड्यांत पैसा गुंतवताना जपा, असा इशारा फेडरल रिझर्व्ह बोर्डाने बँकांना दिला, आणि त्याचा मसुदा कडक करून घेणारे खुद्द अध्यक्ष विल्सन होते. ब्रिटनची पत संपत आली असताना विल्सन तिचा गळा आवळत होते. सावकारांच्या तालावर नाचणारा अध्यक्ष असे करील काय?

दुसरा ग्रंथ येल विद्यापीठाच्या चार्ल्स सेमूर यांचा, १९३४ चा. पाणबुडी नसती तर युद्ध झाले नसते, हे त्यांचे म्हणणे. मांडणी संयमी, कागदपत्रे भक्कम. पण विल्सन यांचे सल्लागार कर्नल हाऊस यांची कागदपत्रे सेमूर यांनीच संपादित केली होती, आणि हाऊस यांचा चष्मा त्यांच्या नाकावरून कधी उतरत नाही. ब्रिटिश नाकेबंदीनेही तटस्थांचे हक्क तुडवले जात होते. त्याबद्दल नुसते निषेधाचे खलिते आणि पाणबुडीबद्दल मात्र निर्वाणीची भाषा, हा फरक माणसे बुडत होती एवढ्याने पुरता उलगडत नाही.

(झिमरमान यांच्या तारेचा किस्सा वाचकप्रिय आहे, पण ती १ मार्च १९१७ ला छापून आली, आणि राजनैतिक संबंध ३ फेब्रुवारीलाच तुटले होते.)

निसटलेला दुवा मला सायलेशियातल्या प्लेस येथे दिसतो. ९ जानेवारी १९१७ च्या तिथल्या बैठकीत कैसरने अनिर्बंध पाणबुडीयुद्धाला होकार दिला. चॅन्सेलर बेथमान-होल्वेग यांनी आजवरचा विरोध सोडला. नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ यांचा हिशेब असा : महिन्याला सहा लाख टन जहाजे बुडवली, तर पाच महिन्यांत इंग्लंड शरण येईल. अमेरिका उतरली तरी तिचे सैन्य वेळेत पोहोचणार नाही. माल आणि पैसा तर ती आधीच देते आहे. म्हणजे तिच्या शत्रुत्वाने आणखी बिघडणार ते काय?

मिलिस यांचा व्यापार खरा आणि सेमूर यांची पाणबुडीही खरी; पण व्यापाराने विल्सन यांचे मन वळवले नाही, जर्मन सेनानींचे वळवले. अर्नेस्ट मे यांनी १९५९ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या तिन्ही राजधान्यांतले राजकारण एकत्र मांडले, तेव्हा कुठे या वादाला जर्मन बाजू नीट मिळाली.

तोवर पहिल्या समजुतीचा कायदा झाला होता. १९३५ मध्ये युद्धखोर देशांना शस्त्रविक्री बंद झाली, १९३६ मध्ये कर्जे. जानेवारी १९३७ मध्ये ही शस्त्रबंदी स्पेनच्या यादवीलाही लावली गेली. फ्रँकोला हिटलर आणि मुसोलिनी विमाने पुरवीत होते, आणि तिथल्या निवडून आलेल्या सरकारला अमेरिकेत पैसे मोजूनही शस्त्रे विकत घेता येईनात. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रबंदी उठली, तीही रोख पैसे आणि स्वतःची जहाजे आणा या अटीवर. कर्जबंदी तशीच राहिली.