ग्राम्यता, लज्जा आणि देहधर्म

काही दिवसांपूर्वी एका वाचनबैठकीत श्री. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तील (१९८४) एक प्रसंग वाचला जात होता. सुगीच्या दिवसांत जनावरांनी खाल्लेला जोंधळा न पचता शेणातून बाहेर पडतो. निवेदकाची आजी ते शेण गोळा करते, धुते, दाणे वाळवून दळते आणि त्यांची भाकरी करून खाते. वाचन चालू असतानाच एक ज्येष्ठ सभासद उठून बाहेर गेले. मागाहून चहाच्या वेळी ते मला म्हणाले, “हेडमास्तर, हे अश्लील आहे असे मी म्हणत नाही. पण ग्राम्य आहे. चारचौघांत वाचण्यासारखे नाही.” त्यांचा व्यासंग मोठा, त्यामुळे हा आक्षेप झटकून टाकता येण्याजोगा नव्हता. शिवाय, खरे सांगावयाचे तर, तो उतारा ऐकताना माझीही मान खाली गेली होती. ती का गेली, याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

जे नैसर्गिक आहे त्याची मनुष्याला लाज का वाटावी? भूक नैसर्गिक आहे, झोपही नैसर्गिक आहे. त्यांची लाज आपणांस वाटत नाही. ढेकर आपल्याकडे तृप्तीची खूण मानतात. दुसऱ्या एखाद्या समाजाच्या पंक्तीत तोच असभ्यपणा ठरतो. अपानवायूच्या वाट्याला मात्र कोठेही सहसा आदर येत नाही. यावर ठरलेले उत्तर असे की, जेथे घाण आणि दुर्गंधी आहे तेथे रोगाचे भय आहे. म्हणून निसर्गानेच मनुष्याला तेथून दूर राहावयास शिकविले. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते किळसेचे उत्तर आहे, लाजेचे नव्हे. मनुष्य एकटा असला तरी त्याला घाणीची किळस येते. लाज वाटावयास मात्र कोणीतरी पाहणारा लागतो. आई तान्ह्या मुलाचे मलमूत्र काढते, तेव्हा त्या दोघांपैकी कोणालाच लाज वाटत नाही. परंतु अंथरुणास खिळलेल्या वृद्ध पित्याची तीच सेवा मुलगा करू लागला की, पिता भिंतीकडे तोंड फिरवितो. वस्तू तीच, दुर्गंधीही तीच. पित्याला लागते ते आपल्या देहावरचे आपले धनीपण गेल्याचे, आणि ते आपल्या मुलासमोर गेल्याचे. आपण आपल्या देहाचे स्वामी आहोत असा एक आव प्रत्येक जण चारचौघांत आणीत असतो. देहधर्म तो आव क्षणात उतरवून टाकतो. म्हणून आपण त्यासाठी आडोसा शोधतो.

हा भेद आपल्या साहित्यशास्त्राला ठाऊक नव्हता असे नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अश्लीलत्व हा दोष तीन प्रकारचा सांगितला आहे: व्रीडा म्हणजे लाज उत्पन्न करणारा, जुगुप्सा म्हणजे किळस उत्पन्न करणारा आणि अमंगल सुचविणारा. त्याने दिलेली उदाहरणे मोठी उद्बोधक आहेत. जुगुप्सेच्या उदाहरणात एक मुग्धा प्रियकरावर हळुवार फुंकर घालते आहे. प्रसंग नाजूक आहे. परंतु फुंकरीसाठी कवीने ‘वायु’ हा शब्द वापरला, आणि त्यातून रसिकाला भलत्याच वायूची आठवण झाली. दोष घडला तो एवढाच. लाज, किळस आणि अमंगल या तीन भावना निरनिराळ्या आहेत हे मम्मटाने अचूक ओळखले; पण त्या एकाच दोषाच्या कोठडीत कोंडल्याही. पुढे शेकडो वर्षे आपण ती कोठडी तेवढी लक्षात ठेवली. आतील तिघींची ओळख विसरलो.

मम्मटाच्याही पूर्वीचा दंडी याहून चतुर. थुंकणे, ढेकर देणे, ओकणे या अर्थांचे शब्द लाक्षणिक अर्थाने योजिले तर अतिसुंदर दिसतात, असे तो ‘काव्यादर्शा’त सांगतो. सूर्याने किरण ओकावेत, मेघाने पाणी ओकावे. त्यास हरकत नाही. मनुष्य खरोखरच ओकला, तर मात्र तोच शब्द ग्राम्यतेच्या कक्षेत जातो. येथे ‘ग्राम्य’ या शब्दापाशी थांबले पाहिजे. दोषाचे नाव ‘मलिन’ नाही, ‘दुर्गंधी’ नाही, ‘ग्राम्य’ आहे. म्हणजे शब्दाचा दोष त्याच्या अर्थात शोधलेला नाही. तो कोणाच्या तोंडचा आहे, यात शोधला आहे. नागर मनुष्य जे बोलत नाही ते ग्राम्य.

युरोपातील शिष्टाचाराचा इतिहासही हेच सांगतो. इरॅस्मसने १५३० मध्ये मुलांच्या शिष्टाचारावर एक पुस्तिका लिहिली. तीत शिंक, थुंकी, अपानवायू यांविषयीचा उपदेश निःसंकोच केला आहे. पुढील शतकांत असा मोकळा उपदेश करणेही असभ्य ठरले. जर्मन समाजशास्त्रज्ञ नोर्बर्ट एलियास याने १९३९ च्या आपल्या ग्रंथात या बदलाचा मागोवा घेतला आहे. देहधर्मांविषयीचा हा संकोच आरंभी वरिष्ठांसमोर पाळावयाचा असे. कनिष्ठांसमोर तो पाळण्याचे कारण नसे, हे त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. फ्रान्सचा चौदावा लुई शौचासनावर बसून दरबाऱ्यांना भेटत असे. राजाला कोणाची लाज? लाजेचा ओघ असा खालून वर वाहतो. ज्याला लाजावे लागते तो लहान, आणि ज्याच्यापुढे लाजावे लागते तो मोठा.

मराठीची गोष्ट मात्र आरंभी निराळी होती. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’ला देहधर्मांचे वावडे नाही. महानुभावांच्या भाषेत त्यासाठी ‘परिश्रय’ असा शब्द आहे. आणि चक्रधरस्वामींच्या आसनाच्या व भोजनाच्या स्थानांबरोबर परिश्रयाची स्थानेही त्यांनी श्रद्धेने नोंदवून ठेवली. स्त्रीच्या विटाळाविषयी चक्रधरांनी केलेला उलगडाही प्रसिद्ध आहे: देहाची इतर द्वारे जशी स्रवतात तसेच हेही एक द्वार, त्याचा विटाळ कसला? ‘परिश्रय’ या शब्दाचा मूळ अर्थ वेढा, आडोसा. या एका शब्दात लज्जेला जागा आहे आणि तिरस्काराला नाही. आपण पुढे काय केले? ‘शौच’ म्हणजे वस्तुतः शुद्धी. तो शब्द मळला, मग ‘परसाकडे’ आले, ‘बहिर्दिशा’ आली, ‘प्रसाधनगृह’ आले, ‘स्वच्छतागृह’ आले. प्रत्येक नवा शब्द काही काळ सोवळ्यात राहतो आणि मग तोही विटाळतो. वस्तूविषयीचा तिरस्कार मनातून गेला नाही, तर शब्द किती वेळा धुवावयाचे?

येथे माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे पाचवीचा वर्ग होता. शाळेत करंगळी वर केली की काय ते शिक्षक समजतात. शब्द उच्चारावा लागत नाही. एका वाडीवरून नव्यानेच आलेला मुलगा उभा राहिला आणि घरी बोलतात त्या शब्दात त्याने मोठ्याने परवानगी मागितली. वर्ग हसला. मी म्हणालो, “शाळेत असे घाणेरडे बोलत नाहीत.” तो खाली बसला. पुढे तीन दिवस त्याने काहीच विचारले नाही. चौथ्या दिवशी त्याचा बाक ओला झाला. त्यानंतर तो शाळेत आला नाही. वडिलांना गाठले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “त्याला शाळेची लाज वाटते, गुरुजी.” त्या मुलाचा शब्द दंडीच्या अर्थाने ग्राम्य होता, त्यात लाज नव्हती आणि किळसही नव्हती. ती दोन्ही त्याला मी शिकविली, आणि आडोसा मागणाऱ्या मुलाला चारचौघांत उघडे पाडले.

आता पुन्हा ‘अक्करमाशी’कडे वळू. त्या उताऱ्यात जुगुप्सा आहे, हे निर्विवाद. परंतु ती वाचकाला दचकविण्यासाठी आणलेली नाही. आजी दाणे धुते, वाळविते, दळते. म्हणजे शुद्धीचे सारे संस्कार ती पार पाडते. कोणत्याही सुगरणीने धान्याचे करावे तेच ती करते. फरक एवढाच की तिच्या वाट्याला आलेले धान्य एकदा जनावराने खाल्लेले आहे. ती मलिन नाही. तिची भूक मलिन नाही. मग आमच्या माना खाली का गेल्या? मघाशी म्हटले की, लाज वाटावयास पाहणारा लागतो, आणि एरवी लाजतो तो पाहिला जाणारा. येथे लेखकाने ही मांडणी उलटविली आहे. पाहिली जाणारी आजी ताठ आहे. लाज पाहणाऱ्याच्या पदरी येते. ज्या गावात जनावराला जोंधळा मिळतो आणि म्हातारीला मिळत नाही, त्या गावाचे आपण नागरिक आहोत, ही ती लाज. आमच्या ज्येष्ठ स्नेह्यांना वाटली ती किळस नव्हती, लाजच होती. तिला ‘ग्राम्य’ असे नाव देऊन त्यांनी ती पुस्तकाकडे परत पाठविली, इतकेच.

याचा अर्थ असा नव्हे की, घाणीचे वर्णन केले की साहित्य जिवंत होते. केवळ सभ्यांना डिवचण्यासाठी मलमूत्राचे शब्द पेरणारे लेखनही आपल्याकडे होत असते. ते दंडीच्याच न्यायासनापुढे उभे करावे. कसोटी एकच: त्या शब्दाने कोण लहान होतो? वर्णिलेला मनुष्य लहान होत असेल, तर शब्द कितीही सोवळा असला तरी लेखन हीन आहे. वाचकाचा अहंकार लहान होत असेल, तर शब्द कितीही ग्राम्य असला तरी तो आपल्या जागी आहे.

आपणां शिक्षकांना काव्यदोष शिकवावे लागतात. तेव्हा व्रीडा आणि जुगुप्सा यांतील भेद विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावा, आणि शाळेच्या आवारात तो पाळावा. मुलींसाठी नीट दाराचे, पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल, तर लाजावयाचे ते मुलींनी नव्हे, आपण. आडोसा हा प्रत्येक देहाचा हक्क आहे; दुसऱ्याच्या देहाला नाक मुरडण्याचा हक्क कोणालाच नाही. आमच्या वाचनबैठकीत तो उतारा अर्ध्यावर राहिला आहे. पुढील बैठकीत तो पूर्ण वाचावा, आणि तो त्या ज्येष्ठ स्नेह्यांनीच वाचावा, अशी विनंती मी त्यांना करणार आहे.