व्हिसा देण्यातील मंत्र्यांचा स्वेच्छाधिकार : जाधव प्रकरणाच्या निमित्ताने एक चिकित्सा

परकीय व्यक्तीला आपल्या देशात प्रवेश द्यावयाचा की नाही, हे ठरविणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार मानला जातो. एरवी तो नियमांनुसार व अधिकाऱ्यांमार्फत वापरला जातो. परंतु नियमात न बसणाऱ्या काही प्रसंगी मंत्री स्वतः निर्णय घेतात. दुर्धर आजाराने ग्रासलेला रुग्ण किंवा परदेशातील तुरुंगात असलेल्या मुलाला भेटू इच्छिणारी आई, हे असे प्रसंग होत. या स्वेच्छाधिकाराचे समर्थन करुणेच्या आधारे केले जाते व ते बव्हंशी योग्यही आहे. तथापि करुणेने वापरलेल्या अधिकारालाही कारणे नोंदविण्याचे बंधन का हवे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात एका मराठी कुटुंबाच्या अनुभवावरून केली आहे.

भारतीय नौदलाचे माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपावरून १० एप्रिल २०१७ रोजी मृत्युदंड सुनावला. मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या आईने मुलाच्या भेटीसाठी व्हिसाचा अर्ज केला. तो प्रलंबित राहिल्यावर तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी पाकिस्तानच्या पंतप्रधानांचे परराष्ट्र सल्लागार सरताज अझीझ यांना व्यक्तिगत पत्र लिहिले. त्या पत्राची साधी पोचही दिली गेली नाही, अशी खंत त्यांनी जुलै २०१७ मध्ये ट्विटरवरून जाहीरपणे व्यक्त केली. एका मंत्र्याने दुसऱ्या देशाच्या मंत्रितुल्य व्यक्तीला लिहिलेले पत्र हाच या अर्जाचा एकमेव आधार होता. पत्राला उत्तर नाही म्हणून दाद कोठे मागावी, याची सोय दोन्ही देशांच्या कायद्यात नव्हती.

या घटनेची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चिली गेली नाही. त्याच वेळी भारतात उपचारासाठी येऊ पाहणाऱ्या पाकिस्तानी रुग्णांना भारताने अझीझ यांच्या शिफारसपत्राची अट घातली होती. जाधव यांच्या आईच्या अर्जाचा उल्लेख आणि ही अट या दोन्ही गोष्टी स्वराज यांच्या एकाच निवेदनात शेजारी शेजारी आल्या आहेत. ज्याने पत्राची पोच दिली नाही त्याचे पत्र आणा, म्हणजे व्हिसा तत्काळ देऊ, असा त्याचा आशय होता. कर्करोगाच्या रुग्णाचा जाधव प्रकरणाशी काडीचाही संबंध नव्हता. तरीही त्याची निकड आणि एका मराठी आईची निकड एकाच तराजूत तोलली गेली. पुढे पाकव्याप्त काश्मीरमधील एका रुग्णासाठी, तो प्रदेश भारताचाच असल्याने पत्राची गरज नाही, असे जाहीर झाले. राजकीय भूमिका म्हणून ते सुसंगत होते. परंतु अपवादाचा निकष आजार राहिला नाही, रुग्णाचा पत्ता ठरला.

स्वराज यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी अनेक अडलेल्यांना तत्परतेने मदत केली, याची नोंद टीकाकारांनीही घेतली आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये एका कर्करुग्णाने स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देत विनंती केली, तेव्हा तिला व्हिसा मिळाला. त्याच वर्षीच्या दिवाळीत, त्या दिवशी प्रलंबित असलेल्या सर्व पात्र रुग्णांना व्हिसा देण्याची घोषणा झाली. ते रुग्ण पात्र होते, तर दिवाळीची वाट का पाहावी लागली? शिवाय मंत्र्यांपर्यंत पोचण्याचे साधन ट्विटर असेल, तर ते वापरता येणे हीच पात्रतेची एक अलिखित अट ठरते. आपले उमरखेड असो वा सिंधमधील उमरकोट, लहान गावातील अर्जदार या अटीत सहसा बसत नाही.

अखेर पाकिस्तानने मानवतावादी भूमिकेतून परवानगी दिली आणि २५ डिसेंबर २०१७ रोजी जाधव यांच्या आई व पत्नी त्यांना इस्लामाबादेत भेटल्या. मध्ये काचेची भिंत होती व बोलणे यंत्रावरून झाले. भारताच्या निवेदनानुसार सुरक्षेचे कारण सांगून त्यांचे मंगळसूत्र, बांगड्या व टिकली काढून घेण्यात आली, कपडे बदलावयास लावले आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिले नाही. ती मराठीत बोलू लागली की तिला अडविले जाई. पाकिस्तानने हे आक्षेप फेटाळले. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, कृपा म्हणून दिलेल्या व्हिसात भेट कशी व्हावी, कोणत्या भाषेत व्हावी, याची हमी नसते. वकिलातीमार्फत संपर्काचा प्रश्न व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ मध्ये हक्क म्हणून मांडलेला असल्याने भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊ शकला व १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने त्या कलमाचा भंग केल्याचा निकालही मिळवू शकला. आईच्या भाषेसाठी असे कोणतेही कलम नव्हते.

भारतीय कायद्याने हा फरक स्वतःच्या नागरिकांबाबत केव्हाच ओळखला आहे. १९६७ पूर्वी पारपत्र देणे ही सर्वस्वी सरकारची मर्जी होती. सतवंतसिंग सोहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरविला व अनिर्बंध मर्जी समतेच्या तत्त्वाशी विसंगत मानली. त्याच वर्षी पारपत्र कायदा झाला. नकाराची कारणे लिहिणे व अपील या गोष्टी त्यातून आल्या. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने त्यात न्याय्य कार्यपद्धतीची भर घातली. परकीयांबाबत मात्र १९५५ च्या हान्स म्युलर निकालातील, त्यांना देशाबाहेर घालविण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, हीच भूमिका टिकून राहिली. प्रवेशाचा हक्क परकीयास नसावा, हे मान्य करता येईल. पण हक्क नसणे आणि कारण न सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या स्थलांतर कायद्यातील कलम ३५१ लक्षणीय आहे. न्यायाधिकरणाने नाकारलेल्या अर्जदाराच्या बाजूने मंत्री लोकहितार्थ निर्णय देऊ शकतात. हा अधिकार त्यांनी जातीने वापरावयाचा असतो. तो वापरण्याची सक्ती त्यांच्यावर नाही. परंतु वापरल्यास त्याची कारणे संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावी लागतात. ही व्यवस्था निर्दोष नाही. मंत्र्यांच्या या अधिकाराच्या वापरावर आरोप झाल्याने तेथील सिनेटला २००३ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली होती. नाकारलेल्या विनंतीचे कारण तेथेही संसदेपुढे येत नाही, हीदेखील मोठीच उणीव होय. तरीही दिलेल्या सवलतींची लेखी नोंद उपलब्ध असते. दिवाळीत कोणाला व्हिसा मिळाला व कोणाला का मिळाला नाही, हे तपासण्यासाठी भारतीय अभ्यासकाकडे ट्विटरखेरीज फारसे साधन उरत नाही.

पहलगाम येथील हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले. वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंत, म्हणजे केवळ दोन दिवस अधिक, मुदत मिळाली. पाकिस्तानी हिंदूंचे दीर्घकालीन व्हिसा कायम राहिले. सुरक्षेच्या दृष्टीने असा निर्णय घेण्याचा अधिकार वादातीत आहे. तथापि अर्धवट उपचार झालेल्या रुग्णाला दोन दिवस कोणत्या हिशेबाने पुरावेत, हे कोठे नोंदले गेल्याचे दिसत नाही. त्यानंतर १ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सूट देण्याचा अधिकार त्यातही केंद्र सरकारकडेच आहे; अपवाद म्हणून दिलेल्या वा नाकारलेल्या व्हिसाची कारणे मंत्र्यांनी संसदेपुढे ठेवावीत, अशी तरतूद त्यात नाही.