चव कशाची लागली? ‘मला उमजलेले बालगंधर्व’ आणि दुभंगलेले श्रोते

‘श्रोत्यांचे मतभेद’ हा विषय फार पसरट आहे. म्हणून मी एकच उदाहरण घेतो आणि त्यालाच धरून बोलतो. उदाहरण आहे कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या प्रयोगाचं. आधी मैफलीतून आणि मग ध्वनिमुद्रिकेतून तो लोकांपुढे आला, आणि मराठी श्रोत्यांत त्याने सरळ दोन तट पाडले.

एक तट म्हणाला, हे बालगंधर्व नव्हेतच. दुसरा म्हणाला, बालगंधर्व काय होते ते आम्हाला आज कळलं. आता गंमत बघा, दोन्हीकडे कान असलेलीच माणसं होती. एका बाजूला जाणकार आणि दुसऱ्या बाजूला अडाणी, अशी ती वाटणी नव्हती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं, ते पुण्या-मुंबईच्या लोकांनी बोलावं’ असं म्हणून माणसं गप्प बसतात. या मतभेदात पुण्या-मुंबईचे लोकच एकमेकांना ‘तुम्हाला कळत नाही’ म्हणत होते. तेव्हा कळण्या-न कळण्याने हे कोडं सुटत नाही. दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८, मृत्यू १९६७. ‘मानापमान’ १९११ चं, ‘स्वयंवर’ १९१६ चं, ‘एकच प्याला’ १९१९ चं. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या भूमिका. गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या चाली, साथीला थिरकवाँसाहेबांसारखा तबलजी. रंगभूमीवर एकेक पद ‘वन्स मोअर’ घेत घेत लांबत जायचं. पण तबकडीवर तेच पद तीन-सव्वातीन मिनिटांत आटपावं लागे. म्हणजे ज्यांनी त्यांना नाटकात ऐकलं आणि ज्यांनी फक्त तबकडीवर ऐकलं, त्यांच्या मनातले बालगंधर्व कुमारजींच्या आधीपासूनच वेगवेगळे होते. ‘मूळ बालगंधर्व’ असं आपण सहज म्हणतो, पण ते मूळ नेमकं कुठलं?

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहानपणी ते भल्याभल्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचे, त्यावरच त्यांचं नाव झालं. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकले. १९४८ मध्ये क्षयाच्या आजारामुळे देवासला गेले आणि काही वर्षं गाणंच बंद झालं. बरे होऊन परत गायला लागले तेव्हा लोकांना निराळाच गवई ऐकू आला. तेव्हापासून अखेरपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, त्यांच्या गाण्याबद्दल दोन मतं राहिलीच. हा इतिहास यासाठी सांगितला की ज्या माणसाला नक्कल लहानपणीच साधली होती, त्याने मोठेपणी बालगंधर्वांची नक्कल केली नाही. ती येत नव्हती म्हणून नव्हे. नको होती म्हणून.

आता शीर्षकाकडे या. ‘मला उमजलेले’. मराठीत आपण ‘मी समजून घेतलं’ असं म्हणू शकतो, तिथे कर्ता मी. पण ‘मी उमजलं’ असं कुणी म्हणत नाही, ‘मला उमजलं’ म्हणतात. उमजणं करता येत नाही, ते आपल्याला होतं. म्हणून या शीर्षकात नम्रता आहे: हे संपूर्ण बालगंधर्व नाहीत, माझ्यापुरते आहेत. आणि धाडसही आहे: माझ्यापुरते असले तरी मी ते चारचौघांत मांडणार. ‘मला आवडतं’ आणि ‘हे सुंदर आहे’ यांतला फरक कांटने १७९० मध्ये मांडला. पहिलं वाक्य माझ्याबद्दल असतं. दुसऱ्यात मी तुमच्याही संमतीवर हक्क सांगतो. कुमारजींचं शीर्षक या दोन वाक्यांच्या मधोमध उभं आहे. भांडण होणारच होतं.

डेव्हिड ह्यूमने १७५७ च्या एका निबंधात ‘डॉन किहोटे’ या कादंबरीतली गोष्ट दिली आहे. सँको पांझाच्या घराण्यातल्या दोघांना पिंपातल्या दारूची चव बघायला बोलावतात. एक म्हणतो, छान आहे, पण जरा चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणतो, छान आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसतात. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी निघते एक जुनी किल्ली, चामड्याची वादी बांधलेली! दोघंही खरे होते, आणि हसणारेच कच्च्या जिभेचे.

मग आपल्या पिंपाच्या तळाशी काय होतं? माझ्या मते, भूमिका नसलेलं नाट्यपद. बालगंधर्व पद गातात तेव्हा रुक्मिणी बोलत असते, सिंधू रडत असते. स्वरांचा धागा सहसा तुटत नाही, कारण ते एका बाईचं बोलणं आहे आणि बोलणं मध्येच तोडता येत नाही. कुमारजींकडे रंगमंच नाही, शालू नाही, पुढचा संवाद नाही. आहेत दोन तंबोरे. ते ओळ मध्येच सोडतात, शांतता ठेवतात, एकदम खुला स्वर लावतात आणि लगेच आवाज बारीक करतात. पात्र निघून जातं आणि चाल उघडी पडते. घराचा गिलावा काढल्यावर विटांची रचना दिसावी, तसं.

दोन्ही तटांना हीच चव लागली होती! पहिल्याने ‘बाई हरवली’ म्हणून तक्रार केली. दुसऱ्याने ‘चाल सापडली’ म्हणून आनंद मानला. काय घडलं याबद्दल मतभेद नव्हताच, जे घडलं ते घडायला हवं होतं का, याबद्दल होता. हा फरक कळला की भांडणातली निम्मी कटुता जाते, आणि उरलेलं भांडण करण्याजोगं होतं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. थोडं लांब जाऊ या, अमेरिकेत. तिथे इंडस्ट्रियल रॉक नावाचा प्रकार आहे. यंत्रांचे खडखडाट, फाटलेल्या आवाजाची गिटार, ठोके. साखर कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभं राहून कुणी चाल शोधावी, असं समजा. ‘नाइन इंच नेल्स’च्या ट्रेंट रेझनॉरने सप्टेंबर १९९९ मध्ये ‘द फ्रॅजाइल’ हा दुहेरी अल्बम काढला. दोन तबकड्या, एक ‘डावी’, एक ‘उजवी’, मिळून २३ रचना, त्यांतल्या कित्येक बिनशब्दांच्या. पहिल्या आठवड्यात विक्रीत पहिला क्रमांक आणि दुसऱ्याच आठवड्यात पहिल्या दहातून बाहेर. ‘स्पिन’ मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, तर ‘पिचफोर्क’च्या समीक्षकाने दहापैकी दोन गुण दिले. तिथेही किल्ली एकच: लांबी आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या धुना. एकाला तो स्वतःच्या दुःखात रमलेला पसारा वाटला, दुसऱ्याला त्या पसाऱ्यातच राहायला जागा मिळाली. त्याच्या १९९४ च्या अल्बमची धार ज्यांना पुन्हा हवी होती, ते रागावले.

मोठी हाव धरणाऱ्या कलाकृतीचं असंच होतं. ती श्रोत्याच्या जुन्या ठेवीला हात घालते. म्हणून तिच्यावर आरोपही लवकर होतात आणि तिच्यासाठी सबबीही लवकर तयार होतात. कुमारजींच्या बाबतीत एक सबब फार चालली: एक फुप्फुस निकामी झालं, म्हणून ते तुटक गातात. मला ही सबब आरोपापेक्षा वाईट वाटते. आरोप करणारा निदान गाणं तरी ऐकतो. सबब देणारा एक्स-रे बघतो. माणसाने निवड केली असेल, तर ती बरोबर की चूक हे विचारा. कीव करून त्याच्याकडून निवडच काढून घेऊ नका.

मग माझा निवाडा काय? समीक्षकाने ‘दोन्ही बाजू बरोबर’ म्हणून खाली बसू नये. जिथे पदाचा जीव रागाच्या वळणात आहे, जिथे भास्करबुवांनी बंदिशीच्या तोडीची चाल बांधली आहे, तिथे कुमारजींचं उघडं करणं मला पटतं. त्या चालीचा कणा बालगंधर्वांच्या गोडव्याखाली झाकला गेला होता, तो दिसतो. पण जिथे पदाचा जीव लाडिक बोलण्यात आहे, लयीशी चाललेल्या थट्टेत आहे, तिथे ओळ तोडली की थट्टाच मरते. तिथे जुन्या तटाची तक्रार मला मान्य आहे, आणि ती केवळ आठवणींचं वेड म्हणून उडवून लावता येत नाही.

आपल्या हरिनाम सप्ताहातही असं होतं. कुणी अभंगाला भीमसेन जोशींच्या मैफलीतली चाल लावतो आणि म्हातारे टाळकरी कुरकुरतात. तरुण पोरं म्हणतात, यांना नवं काही चालतच नाही. पण टाळकऱ्याला विचारा ना, का नको? तो म्हणेल, ‘या चालीवर पावली टाकता येईना.’ हे कारण आहे, मंडळी! हट्ट नव्हे. त्या अभंगाचं काम काय, तो कशासाठी गायचा, याची पूर्ण जाण त्या एका वाक्यात आहे. अशा वाक्याला मी समीक्षा म्हणतो, मग ते पदवी असलेल्याने म्हटलेलं असो वा नसो.

तेव्हा एक काम देतो. घरी मोबाइल सगळ्यांकडे आहे. एकच पद आधी बालगंधर्वांचं ऐका, मग कुमारजींचं. चांगलं-वाईट लगेच ठरवू नका. दुसऱ्यात काय नाही आणि त्या जागी काय आलं, एवढंच लिहून काढा. दोन ओळी पुरेत. मग शेजाऱ्याने काय लिहिलं ते बघा. तुमचं त्याच्याशी जमणार नाही कदाचित. पण दोघांना चव कशाची लागली, एवढं तरी कळेल. तिथून पुढे खुशाल भांडा.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.