बिऱ्हाडकरूंचे वाङ्मय आणि घरमालकाचे मौन

मराठी विनोदी वाङ्मयात बिऱ्हाडकरूइतके भाग्यवान पात्र क्वचितच आढळेल. त्याचा कद्रूपणा, त्याची गायनाची हौस, शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराविषयी त्याला वाटणारी अपार जिज्ञासा, या साऱ्यांचे आमच्या लेखकांनी मोठ्या प्रेमाने वर्णन केले आहे. परंतु ज्याच्या छपराखाली ही मंडळी नांदली, त्या घरमालकाच्या वाट्याला काय आले? एक भाडेपावती, एक कुलूप आणि वाचकांची थट्टा. हा पंक्तिप्रपंच का घडला, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

या विषयाचा आरंभ पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या 1958 सालच्या पुस्तकापासूनच केला पाहिजे. त्रिलोकेकर, कोचरेकर मास्तर, मंगेशराव हट्टंगडी, अण्णा पावशे ही नावे उच्चारताच त्या त्या माणसाचा जातिविशेष, बोलण्याची ढब आणि खाण्याची आवड डोळ्यांपुढे उभी राहते. इतक्या भिन्न प्रकृतीची माणसे एका जिन्याला बांधून ठेवणे हेच या पुस्तकाचे मुख्य यश होय. त्यातील 'गच्चीसह झालीच पाहिजे' हे प्रकरण आमच्या विषयाला विशेष जवळचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणांचा थाट घेऊन चाळकरी बंद गच्चीसाठी लढा पुकारतात. लेखकाचा उपहास मालकावर फारसा रोखलेला नाही. तो चाळकऱ्यांच्या वक्तृत्वावर आहे, आणि म्हणूनच तो निर्मळ वाटतो. तथापि गच्ची बंद का, तिची गळती कोणी काढावी, मिळणाऱ्या भाड्यात ती निघते काय, हे प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारीत नाही. मालक हा तेथे माणूस नसून केवळ अडचण आहे.

या मौनाचे खापर एकट्या लेखकावर फोडणे अन्यायाचे होईल. आमच्या मते चाळीच्या वाङ्मयाला एक सहलेखक लाभला होता, आणि तो म्हणजे 1947 सालचा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. या कायद्याने जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी जखडून टाकले आणि सबळ कारणावाचून भाडेकरूस उठविणे जवळजवळ अशक्य केले. याचे दोन परिणाम झाले. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या एकाच खोलीत राहिला. त्याच्या मुंजी, लग्ने व भांडणे त्याच गॅलरीत झाली आणि त्याला एक स्थिर व्यक्तिमत्त्व आले. उलट मालकाचा घरातील जीवच उडाला. दुरुस्ती परवडेना, म्हणून तो फिरकेना. आणि जो फिरकत नाही त्याचे चित्र कोण काढणार? पुढे सर्वोच्च न्यायालयानेही 1997 साली हे गोठविलेले भाडे काळाच्या ओघात अन्यायकारक ठरल्याचे म्हटले. साहित्याने मात्र ती दुसरी बाजू तोवर ऐकलीच नव्हती.

तीस वर्षांनी पडद्यावर चित्र पालटले. सचिन पिळगावकर यांचा 'अशी ही बनवाबनवी' हा चित्रपट 1988 सालचा. त्याचा सांगाडा 1966 च्या 'बीवी और मकान' या हिंदी चित्रपटावरून घेतलेला. येथे मालक स्वतः रंगमंचावर येतो, आणि एक नव्हे, दोन मालक येतात. विश्वास सरपोतदार भाड्याच्या रुपयांचा हिशेब जपणारे. तर लीलाबाई काळभोर मायाळू, परंतु विवाहित जोडप्यांवाचून कोणास जागा न देणाऱ्या. त्या एका अटीपायी दोन तरुणांना लुगडी नेसावी लागतात. प्रेक्षक पोट धरधरून हसतो, ते योग्यच आहे. पण हसे ओसरल्यावर एक गोष्ट ध्यानात येते : ज्या अटीमुळे चार सरळ मुले खोटे बोलली, त्या अटीची चौकशी चित्रपट करीत नाही. लीलाबाईंना माणूस पारखावयाचा होता; त्यांनी पारखले ते कुंकू व मंगळसूत्र. अर्थातच त्या फसल्या. बाह्य खुणेवरून भाडेकरू निवडणाऱ्याची अशीच फसगत व्हावयाची. विनोदाच्या पोटात दडलेले हे सत्य हाच या चित्रपटाचा खरा ठेवा असे आम्हांस वाटते.

आता आमच्या सोलापुराकडे वळू. मुंबईची चाळ व पुण्याचा बंगला यांहून येथील नव्या पेठेतील घरांची जात निराळी. येथे मालक दूर राहत नाही. तोच जिना आणि तोच नळ. गिरण्या व हातमाग यांच्या ओढीने या नगरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकत्र आली, आणि एका भिंतीच्या दोन बाजूंस दोन भाषा नांदणे ही येथे नवलाची गोष्ट राहिली नाही. त्यात पाण्याची तऱ्हा! उजनीसारखे धरण जिल्ह्यात असूनही शहराच्या कित्येक भागांनी वर्षानुवर्षे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर संसार केले. पाण्याच्या दिवशी कोणाची घागर आधी लागावी, या प्रश्नात माणसाचा स्वभाव जितका उघडा पडतो तितका तो सभासंमेलनात पडत नाही.

अशा घराच्या मालकाला, मग ती भाड्यावर गुजराण करणारी एखादी वृद्ध विधवा का असेना, जे शास्त्र अवगत असावे लागते ते कोणत्याही ग्रंथात नाही. एक भाडेकरू पहिल्या तारखेस भाडे देतो आणि त्या पुण्याईवर महिनाभर सर्वांना धारेवर धरतो. दुसऱ्याचे भाडे नेहमी उशिरा येते, परंतु रात्री कोणी आजारी पडल्यास रिक्षा आणावयास धावतो तो तोच. तिसरा प्रत्येक गोष्टीची तक्रार करतो आणि चौथा कशाचीच करीत नाही, यामुळे भिंत पडू लागेपर्यंत ओल कळत नाही. या चौघांना एकच नियम लावावयाचा, पण एकाच सुरात सांगावयाचा नाही, यात सारे कौशल्य आहे. भाड्याची तारीख, पाण्याची पाळी व जिन्याची झाडलोट यांत वशिला नसावा. सांगण्याची रीत मात्र माणसागणिक बदलावी. तक्रारखोराला लेखी उत्तर द्यावे, अबोल्याकडे स्वतः चौकशी करावी, उशीर करणाऱ्याशी एकांतात बोलावे, आणि एका बिऱ्हाडाचे गाऱ्हाणे दुसऱ्या बिऱ्हाडात कधीही नेऊ नये. रागाच्या भरात पाणी वा वीज तोडणाऱ्याला तर कायदाही क्षमा करीत नाही.

हे सर्व साधणारी माणसे आमच्या पेठांत होऊन गेली व आजही आहेत. कादंबरीत मात्र त्यांचा मागमूस नाही. हा केवळ वाङ्मयाचा तोटा नव्हे. 1999 चा नवा भाडेनियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून अमलात आला, करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर पडली आणि अकरा महिन्यांच्या परवान्याची चाल सार्वत्रिक झाली. भाडेकरू आता वर्षाला बदलतो. मालकाला त्याचा स्वभाव कळण्यापूर्वीच मुदत संपते. म्हणून स्वभावाऐवजी आडनाव, आहार आणि धर्म विचारून दार उघडण्याचा वा लावण्याचा सोपा मार्ग पत्करला जातो. लीलाबाईंची अट निदान हास्यास्पद होती. ही अट हास्यास्पदही नाही. बटाट्याच्या चाळीत नाना जातींची माणसे एकत्र भांडली, कारण ती तेथे राहू शकली. नावावरूनच दार बंद झाले असते, तर मराठी वाचक एका मोठ्या आनंदास मुकला असता.

'बटाट्याची चाळ'मधील अखेरच्या 'एक चिंतन' या प्रकरणात विनोद बाजूस सरतो आणि जुन्या एकत्र नांदण्याविषयीची हुरहूर मागे उरते. ती हुरहूर खरी आहे. परंतु तिच्यातच रमून राहणाऱ्या लेखकांना आमचे एक सांगणे आहे. भाडेकरूंची चित्रे पुष्कळ झाली. आता किल्ल्यांचा जुडगा हाती घेऊन दारात उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसाकडे पाहावे. समोरच्या अनोळखी कुटुंबास आत घ्यावे की न घ्यावे, या त्याच्या क्षणभराच्या विचारात अहंकार, भय, लोभ आणि माणुसकी यांचा जो झगडा चालतो, तो कोणत्याही नाटकाला पुरून उरेल. तो कोणी प्रामाणिकपणे लिहील, तर वाचणाऱ्या घरमालकाचे दारही कदाचित थोडे अधिक उघडेल.