तळ्याकाठच्या वाटा

गावाची रचना हीही एक वाङ्मयकृतीच असते; ती वाचायची मात्र पायांनी. अमेरिकेत बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान जेम्स राऊस यांनी १९६७ साली कोलंबिया हे उपनगर वसविले. तेथील वस्त्यांना व रस्त्यांना फॉक्नर, लाँगफेलो, टोल्किन, फ्रॉस्ट यांच्या साहित्यावरून नावे दिली आहेत! मध्यभागी किट्टामाकुंडी नावाचे मानवनिर्मित तळे.

कल्पना उदार होती. मोटारींची वर्दळ मोठ्या रस्त्यांवर राहावी, घरे पुढे वाट नसलेल्या छोट्या गल्ल्यांत असावीत, मुलांनी शाळेत पायी जावे आणि टपालपेट्या एकत्र ठेवल्याने पत्राच्या निमित्ताने शेजारी भेटावेत. तळ्याकाठून, झाडीतून जाणाऱ्या पायवाटा आज ९० मैलांहून अधिक आहेत.

परंतु रसिकाने मोहात पडूनही दोष पाहावा. अशा गल्लीत मूल निर्धास्त खेळते खरे. पण कुंपणापलीकडचे घर गाठायचे तर मोठ्या रस्त्याला वळसा घालावा लागतो. मग मोटार निघते, आणि मोटारीतून शेजार दिसत नाही. ही उणीव पायवाटाच भरून काढतात. माझ्या मते कोलंबियाचे खरे काव्य पाट्यांवरील नावांत नाही, या वाटांत आहे.

आपल्याकडेही तलावांकाठी वसाहती उठत आहेत. वाचकहो, त्यांचे नकाशे पाहताना एकच कसोटी लावावी: फराळाचे ताट रुमालाने झाकून शेजारी चालत नेता येईल काय? येत असेल, तर रस्ता साधला म्हणावे.